श्रेणी कागदावर, उचल मोखाड्यात

अमेरिकेचे परराष्ट्र खाते 2001 पासून दरवर्षी मानवी तस्करीचा जागतिक अहवाल काढते. 2011 पासून भारत त्यात दुसऱ्या श्रेणीत आहे. म्हणजे निकष पूर्ण नाहीत, पण प्रयत्न चालू आहेत. अमेरिका इतरांना गुण देते हे अनेकांना खटकते, आणि ते स्वाभाविक आहे. 2010 पासून ती स्वतःलाही गुण देते, तेही पहिल्या श्रेणीचे! पण खरी अडचण मोजण्यात आहे. असे अहवाल गुन्हे, खटले आणि शिक्षा मोजतात. गुन्हाच नोंदवला गेला नाही, तर मोजायचे काय?

तस्करीतच मोडणारी वेठबिगारी अशीच मोजणीतून सुटते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यातली कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो. 2021 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका आदिवासी मजुराच्या आत्महत्येनंतर वेठबिगारीचा गुन्हा दाखल झाला. मुलाच्या कफनासाठी घेतलेल्या अवघ्या 500 रुपयांपायी त्याला राबवून घेतल्याचा आरोप होता. मृत्यूनंतर नोंद झाली, आधी नाही.

वेठबिगार निर्मूलन कायदा 1976 चा. त्यानुसार जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या बंधनकारक आहेत. 2016 च्या केंद्रीय योजनेत तातडीची मदत लगेच मिळते. पुनर्वसनाची मोठी रक्कम मात्र शिक्षेशी जोडलेली, म्हणजे खटला रेंगाळला की मजूरही रेंगाळला. वॉशिंग्टनच्या श्रेणीवर नाराजी जरूर दाखवावी. त्याआधी पालघर प्रशासनाने दरवर्षी समितीच्या बैठका, मुक्ती प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष दिलेली मदत यांचे आकडे तालुकावार जाहीर करावेत.