कोंड्याचा आग्रह

पोटाच्या कोणत्याही तक्रारीवर ‘चोथा वाढवा’ अशी शिफारस आपल्याकडे सरसकट केली जाते आणि निरोगी मनुष्यास ती बहुतांशी हितावहही असते. परंतु आयबीएस, म्हणजे पोटात कळा, फुगारा आणि कधी मलावरोध तर कधी अतिसार अशा आवर्तनांत वर्षानुवर्षे गुंतवून ठेवणारी व्याधी, ज्याच्या मागे लागली आहे, त्याच्यावर हीच शिफारस हुकमासारखी बजावणे मला सर्वथा अनुचित वाटते. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने आफ्रिकेतील प्रदीर्घ अनुभवावरून १९७०च्या दशकात तंतुमय आहाराचा जो हिरिरीने पुरस्कार केला, त्याचे मोल मोठेच आहे; तथापि त्या पाठोपाठ गव्हाच्या कोंड्याला जी सर्वरोगहर प्रतिष्ठा लाभली, ती या रुग्णांच्या बाबतीत टिकली नाही.

१९९४ साली मँचेस्टर येथे फ्रान्सिस आणि व्हॉरवेल यांनी शंभर रुग्णांची विचारपूस केली, तेव्हा ५५ टक्के लोकांनी कोंड्याने त्रास वाढल्याचे सांगितले. गुण आलेले अवघे १० टक्के निघाले. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २७५ रुग्णांच्या चाचणीत रोज १० ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांना आराम पडला, तर कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी दुखणे बळावल्यामुळे चाचणी अर्ध्यावरच सोडली. याचे कारण असे, की इसबगोल पाणी धरून मऊ, बुळबुळीत होतो आणि मळाला आकार देतो. कोंड्याचे अविद्राव्य तंतू मात्र खरखरीत कणांच्या रूपानेच पुढे सरकतात, आणि जो ताण निरोगी आतड्याला जाणवतही नाही, तोच मुळात तीव्र संवेदनेच्या आतड्याला वेदना होऊन भोगावा लागतो.

म्हणून तंतू वर्ज्य करावेत असे मात्र नव्हे. ते निवडावेत आणि शिजवावेत. दोडक्याच्या शिरांची चटणी, कच्च्या कोबीची कोशिंबीर, जून गवार, मक्याचे दाणे यांना दुखण्याच्या दिवसांत रजा द्यावी. पण तोच दोडका शिरा तासून, जून बिया काढून, मुगाच्या डाळीत अगदी गळेपर्यंत शिजवला आणि मऊ भाताबरोबर वाढला, तर पुष्कळांना तो निर्वेध पचतो. लाल भोपळा, दुधी, गाजर यांचेही तसेच. (कांदा, लसूण आणि हरभरा यांनी होणारा फुगारा मुख्यतः आंबणाऱ्या शर्करांचा असतो; त्याचा दोष चोथ्यावर घालू नये.) इसबगोल घ्यायचा तो एका लहान चमच्यापासून, भरपूर पाण्यात, घट्ट होण्यापूर्वी लगेच पिऊन, कारण पाणी कमी पडल्यास तो घशात अडकण्याची भीती असते; मात्रा काही आठवड्यांत हळूहळू वाढवावी. शौचातून रक्त पडणे, वजन घटणे, पंडुरोग, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेली लक्षणे असतील, तर आहाराचे प्रयोग बाजूस ठेवून आधी डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी.

दवाखान्यांतून जे छापील पथ्यपत्रक हाती पडते, त्यात ‘तंतुमय पदार्थ भरपूर खावेत’ हे मोघम वाक्य आजही आढळते. ते बदलून, कोणते तंतू, कसे शिजवून आणि किती, याचा स्पष्ट तपशील या रुग्णांसाठी निराळा छापावा, एवढी मागणी वैद्यकीय व्यवसायाकडे करण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.