प्रती मोजक्या चालतील, ऐकणारे मोजके नकोत

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मोग सिंथेसायझर आला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथे लावून दिला. पुढची तीनेक वर्षं गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा ही मंडळी त्यावर नाना प्रयोग करत होती. १९७२ नंतर ते काम मागे पडलं आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. त्या जगाला ऐकू यायला २०२३ साल उजाडावं लागलं. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधल्या आणि लंडनच्या ‘द स्टेट फिफ्टीवन कॉन्स्पिरसी’ या कंपनीने ‘द एनआयडी टेप्स’ नावाने दोन तबकड्यांचा संच काढला.

गाणं ऐकायचं म्हणून हा संच लावलात तर निराशा होईल, हे आधीच सांगतो. यात मुखडा-अंतरा नाही. विजेच्या लहरींतून घडवलेले आवाज आहेत: घुमणारे, चिरकणारे, मध्येच पाखरांसारखे. माथुर यांच्या एका रचनेचं नावच ‘माय बर्ड्स’ आहे. गीता साराभाईंनी १९४६ साली न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचं शास्त्र शिकून घेतलं होतं. म्हणजे हे हौशी लोकांनी बटणं दाबून पाहिलेली नव्हती. आपलं संगीत नीट माहीत असलेली माणसं नव्या यंत्राला प्रश्न विचारत होती. जोशीपुरा तर तेव्हा विद्यार्थीदशेत होते.

असं काही इथे विकायला आलं की आपल्या लोकांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: ‘माल आपला, आणि विकतात हे!’ त्यातून तबकडी मर्यादित आवृत्तीची असली की राग दुप्पट. आधी आपलं उचलायचं, मग मोजक्याच प्रती काढून भाव वाढवायचा, असा हिशेब मांडला जातो. मला हा राग चुकीच्या दारावर थाप मारतोय असं वाटतं.

एक तर मर्यादित आवृत्तीमागे दर वेळी हाव नसते. तबकडी काढायची तर आधी आवाज लॅकरच्या चकतीवर कोरावा लागतो, त्यावरून निकेलचा साचा करावा लागतो, मग गरम पीव्हीसी त्यात दाबून एकेक प्रत निघते. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात. साच्याचा खर्च शंभर प्रतींना तोच आणि हजारांनाही तोच. शिवाय न खपलेला माल गोदामात बसतो. प्रयोगशील संगीताचे गिऱ्हाईक जगभरात मिळून थोडेच. अशा वेळी छोटी कंपनी मोजक्याच प्रती काढणार, हे किराणा दुकान चालवणाऱ्यालाही कळेल.

मुद्दाम केलेली दुर्मिळता वेगळी. तिचं सगळ्यात टोकाचं उदाहरण फ्रान्समधलं. ज्यां मिशेल जार यांनी १९८३ साली ‘म्युझिक फॉर सुपरमार्केट्स’ या तबकडीची एकच प्रत काढली. मूळ साचे नष्ट केले आणि ती प्रत पॅरिसमध्ये लिलावात विकली. ती एकदा रेडिओवर अख्खी वाजवली आणि ऐकणाऱ्यांना खुशाल टेप करा म्हणून सांगितलं. आज लोकांना ते संगीत माहीत आहे ते त्या रात्री घरोघरी भरलेल्या खरखरीत कॅसेटींमुळे. पैसे मोजले एकाने, संगीत जपलं भलत्यांनीच.

आणि तिसरी दुर्मिळता आपली, कुणी न ठरवता झालेली. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारे वादक. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या यंत्रांतल्या टीबी-३०३ मधून शिकागोच्या पोरांनी पुढे ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा प्रकार काढला. त्यांची गाजलेली पहिली तबकडी आली १९८७ साली. सिंगांची रेकॉर्ड मात्र आपल्याकडे खपली नाही आणि विसरली गेली. एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, आणि २०१० साली हॉलंडमधून नव्याने निघाली. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांना मग युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. ती पाच वर्षं त्यांच्या वाट्याला आली हे भाग्य, पण आधीची पंचवीस-तीस वर्षं कुणी खाल्ली? डच माणसाने नक्कीच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे: ज्याची एकच प्रत आहे ते गेलंच असं समजायचं. कपाटातली टेप ही ‘जपलेली’ नसते. ती फक्त अजून गेलेली नसते. तिच्यावरचा लेप दमट हवेत चिकट होतो, बुरशी धरतो, आणि वाजवायला जावं तर यंत्राला चिकटून निघतो. आपल्या संस्थांकडे, आकाशवाणी केंद्रांकडे, जुन्या संगीत मंडळांकडे जे काही आहे त्याची डिजिटल प्रत करून ती सर्वांना ऐकता येईल अशी ठेवणं हे खरं काम. मग त्यातलं निवडक कुणी देखण्या तबकडीवर काढून तीसेक पाउंडाला विकलं तरी माझी हरकत नाही. उलट मी घेईन. प्रत विकत घेणारे शंभर असोत, ऐकू शकणारे सगळे असावेत, एवढंच म्हणणं आहे.

हे झालं संस्थांचं. पण परदेशातल्या आपल्या मराठी घरांतही अशी कपाटं आहेत. फोन महाग होता तेव्हा गावाहून कॅसेटवर बोलून पत्रं यायची. आजीच्या ओव्या, आजोबांची घरगुती बैठक, गावच्या सप्ताहातलं कीर्तन, मंडळाच्या गणपतीतलं नाटक हे सगळं कुठल्यातरी बुटाच्या खोक्यात आहे. त्या प्रत्येकाची आवृत्ती एका प्रतीची. जार यांनी ठरवून केलं ते आपण न ठरवता करून बसलोय.

लंडनच्या कंपनीवर रागवायला खर्च होते तेवढा वेळ या खोक्याला दिला तरी पुष्कळ होईल. चांगल्या स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवा, आवाज न दाबता पूर्ण दर्जाच्या फायलीत उतरवा. फाइलच्या नावात कोण, कुठे, कधी हे लिहा. आवाज ओळखणारी माणसं आहेत तोवरच ते विचारून घेता येतं. मग तीन प्रती करा: एक तुमच्याकडे, एक भारतात भावंडाकडे, एक ऑनलाइन साठवणीत. तबकडी नाही निघाली तरी चालेल. पन्नास वर्षांनी कुणा पाहुण्याने येऊन आपल्याच घरातला आवाज आपल्याला शोधून द्यावा, ही वेळ मात्र यायला नको.