आकृत्यांच्या पेपरात मोजतात काय?



नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता चाचणीला 100 पैकी 50 गुण असतात आणि तिथला प्रत्येक प्रश्न आकृतीचा. विसंगत आकृती ओळखा, मालिका पुरी करा, आरशातली प्रतिमा शोधा. आकृतीला भाषा नसते, म्हणून वाडीवस्तीवरच्या पोराला इथे पुरता न्याय मिळतो, असे समर्थन नेहमी ऐकू येते. मला ते पटत नाही.

जॉन रेव्हन यांनी 1938 मध्ये ब्रिटनमध्ये आकृतिबंधांची चाचणी प्रसिद्ध केली. मुलापुढे अनोळखी कोडे ठेवायचे आणि त्यातला नियम ते स्वतः हुडकते का ते बघायचे, हे तिचे मर्म. सगळी मदार नवखेपणावर. आता घडी घातलेल्या कागदाला भोक पाडले, तर उलगडल्यावर तो कसा दिसेल, हा नवोदयचा नेहमीचा प्रश्न घ्या. तो पहिल्यांदाच पाहणारे मूल मनातल्या मनात कागद उलगडत बसते. क्लासचे मूल आधी भोके मोजते, संख्या न जुळणारे पर्याय खोडते आणि पुढच्या प्रश्नाला लागते. गुण दोघांना सारखेच, वेळ मात्र दुसऱ्याचा वाचतो. त्याचा सराव मोजला गेला (आणि बापाने भरलेली फीसुद्धा).

नेदरलँड्समधल्या लष्करभरतीच्या तरुणांचा रेव्हन यांच्या धर्तीच्या चाचणीवरचा बुद्ध्यंक 1952 ते 1982 या काळात सुमारे 20 गुणांनी वाढला, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले. तीस वर्षांत रक्त बदलत नाही. बदलते ते घर, शाळा, अवतीभवतीची चित्रे. तरी निकाल लागला की आपण म्हणतो, पोराचे डोके उपजतच तल्लख!

वेक्स्लर बुद्धिमापन चाचणीत लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायला देतात. तिथेही झटपट जुळवणाऱ्याला जादा गुण असतात, पण निदान मानसतज्ज्ञ समोर बसून मूल कुठे अडते ते पाहतो. आपल्याकडे फक्त काळा केलेला गोल दिसतो.

परीक्षा बंद करा, असे माझे म्हणणे नाही. दरवर्षी दोन-तीन प्रश्नप्रकार तरी नवे घाला. उरलेल्यांची सोडवून दाखवलेली सराव पुस्तिका जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत फुकट पोहोचवा, तीही परीक्षेच्या आठवडाभर आधी नव्हे, जूनमध्ये.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. सातारा