खांबांची रांग आणि भेरली माड

बंगल्याच्या फाटकापासून दारापर्यंत रॉयल पामची दुतर्फा रांग उभी केली म्हणजे घरास खानदानी डौल येतो, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची दृढ समजूत झालेली दिसते. महाविद्यालयें, इस्पितळें, गृहसंकुलें, सारींच या समजुतीला बळी पडलीं आहेत. गिलावा केलेल्या खांबासारखें करडें, गुळगुळीत खोड आणि वर हिरवा तुरा! पण खांबच हवे असतील तर ते गवंड्याकडून बांधून घ्यावे. त्यासाठीं झाडाला वेठीस कां धरावें?

या झाडाशीं आमचें वैर नाहीं. क्युबांत त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान आहे, आणि तो यथार्थ आहे. तेथील शेतकरी त्याच्या पानांच्या रुंद आवरणांनीं घर शाकारतो, तंबाखूचे गठ्ठे बांधतो, फळें डुकरांना चारतो. तेथें तें झाड संसाराचें सोबती आहे. आम्हीं त्याचा संसार तेथेंच ठेवला आणि नुसता डौल उचलून आणला.

आणि आमच्या घरचा ऐवज? सह्याद्रीच्या ओलसर रानांत भेरली माड वाढतो. माशाच्या शेपटीसारख्या पर्णिका असलेलीं त्याचीं भव्य पानें दुहेरी विभागलेलीं असतात. ताडकुळांत हें वैशिष्ट्य केवळ याच्याच प्रजातीचें. तो ५० फूट सहज गाठतो. त्याचा पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो. पुढें कांहीं वर्षें एकेक फुलोरा खालीं खालीं उतरत जातो, घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. अखेरचें फळ पिकलें कीं वृक्षाचें आयुष्य संपतें.

“मरणारें झाड कोण लावील?” असा आक्षेप येईल. उत्तर सोपें आहे: दर चार-पांच वर्षांनीं शेजारीं एक नवें रोप लावावें. म्हणजे एकाच अंगणांत बाल्य, बहर आणि वार्धक्य एकत्र पाहावयास मिळेल. बागेला शाश्वत स्तंभाची नव्हे, लावणाऱ्या हातांच्या परंपरेची गरज असते.

दुसरा आक्षेप फळांच्या खाजेचा. तो खरा आहे. लिनियसनें १७५३ सालीं या वृक्षाच्या नांवांतच ‘दाहक’ हें विशेषण घातलें. परंतु घसा खवखवतो म्हणून आम्हीं अळू आणि सुरण कधीं टाकले काय? मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावा, पडलेलीं फळें हातमोजे घालून उचलावीं. उदमांजरें तीं आवडीनें खातात व बीं रानभर पसरवितात.

आमचीं मुलें परदेशी खांबांच्या सावलीवांचून शाळेला जातात, आणि आपल्याच डोंगरांतला वृक्ष त्यांना फळ्यावर खडूनें काढून दाखवावा लागतो. ही लाज वृक्षाची नव्हे, आमची आहे. येत्या मृगांत फाटकाशीं खड्डा खणाल, तेव्हां ओलसर माती आणि पहिलीं वर्षें थोडी सावली एवढ्यावर समाधान मानणारा हा शेजारी आठवावा.