दादाचा कॅमशाफ्ट

मुलांनो, पुंडलिकनगरातला एक दादा साठवलेल्या पगारातून आपल्या छोट्या टर्बोच्या गाडीला शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवायला निघालाय! कॅमशाफ्ट म्हणजे उंचवटे असलेला दांडा. सोलापूरच्या प्रिसिजन कंपनीत १९९२ पासून हेच बनतात. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा याचा एक होतो आणि उंचवटे झडपा उघडतात. शर्यतीच्या दांड्यामुळे हवेची आणि धुराची झडप बराच वेळ एकदम उघडी राहते. छोट्या टर्बोची वाट अरुंद. जोरात पळताना धूर तिथं तुंबतो नि उलटा सिलिंडरात शिरतो. मग ताज्या हवेला जागा कुठली? जालना रोडच्या सिग्नलवर तर गाडी नुसती थरथरेल. दादा, कंपनीचाच दांडा बरा. फारच हौस असेल, तर दोन्ही झडपा एकदम कमी वेळ उघड्या ठेवणारा माग.