गोळ्या संपल्या, जंतू गेला का?

‘डॉक्टर, आता आग होत नाही, जेवण जातं.’ चौदा दिवसांचा कोर्स संपवून आलेला रुग्ण एवढे म्हणाला की बहुतेक दवाखान्यांत केसपेपर बंद होतो. पण आग थांबली ती आम्ल कमी करणाऱ्या गोळीने. हेलिकोबॅक्टर पायलोरी गेला की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हा जंतू अल्सरचे कारण आहे हे दाखवणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर १९९४ मध्येच त्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात बसवले. आपल्याकडे मेट्रोनिडॅझोलला तो सर्रास दाद देत नाही; क्लॅरिथ्रोमायसिनचाही भरवसा कमी झाला आहे. तरीही उपचारानंतरची तपासणी ऐच्छिक समजली जाते.

तपासणी कोणती? युरिया श्वासचाचणी किंवा मोनोक्लोनल पद्धतीची शौचातील अँटिजेन चाचणी. रक्तातील अँटिबॉडी जंतू गेल्यावरही कित्येक महिने राहतात, त्यामुळे ती चाचणी इथे कामाची नाही. जठराचा अल्सर असेल, तर पुन्हा दुर्बीण घालून तो भरल्याची खात्री करावी आणि त्याच वेळी अँट्रम व कॉर्पस दोन्हींतून तुकडे घ्यावेत.

खरी चूक वेळेची होते. समजा, औषधे १ सप्टेंबरला सुरू झाली आणि १४ला संपली. तपासणी १२ ऑक्टोबरच्या आधी नको. पँटोप्राझोलसारखी गोळी २८ सप्टेंबरपासून बंद हवी, नाहीतर जंतू असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. मधल्या दोन आठवड्यांत त्रास झालाच तर साधे अँटासिड चालते. रुग्ण ‘गॅसची गोळी’ मेडिकलमधून परस्पर घेतो, म्हणून ‘ॲसिडिटीचं काही घेता का?’ एवढे विचारून भागत नाही. पाकीट दाखवायला सांगावे.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणि जालना रोडवरच्या खासगी दवाखान्यांत कन्नड, सिल्लोड, पैठणपासून बीडपर्यंतचे रुग्ण येतात. त्यांतले अनेकजण दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपून पट्टा पडल्यावरच गावी परततात. त्यांना ‘महिन्याने या’ सांगण्यात अर्थ नाही. कोर्स कधी सुरू करायचा, हे त्यांच्या निघण्याची तारीख विचारून ठरवावे.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर तीच अँटिबायोटिके पुन्हा देऊ नयेत. आधी काय दिले होते आणि किती गोळ्या खरोखर पोटात गेल्या, हे पाहून औषधयोजना बदलावी.

आमची विनंती एकच. पहिल्याच चिठ्ठीवर तीन तारखा लिहा: औषधे संपण्याची, ॲसिडिटीची गोळी बंद करण्याची आणि तपासणीची. निगेटिव्ह अहवाल हाती येईपर्यंत केसपेपरवर ‘बरा’ असा शेरा मारू नका.