पांढऱ्याकडे बघू नका, साहेब

गेल्या शनिवारी आमच्या मेसच्या बिलियर्ड रूममध्ये एका पाहुण्या वरिष्ठांनी एका लेफ्टनंटला धडा दिला. काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटपासून हातभर अंतरावर होता, शॉट जवळजवळ सरळ. पोराचा चुकला. साहेब ग्लास खाली न ठेवता म्हणाले, "डोळे कुठे होते तुझे? पांढऱ्यावर ठेव. फोरसाइट, बेटा, फोरसाइट! अकॅडमीत काय शिकलास?" पोरगा "येस सर" म्हणाला. बॉल पुन्हा मांडला, पांढऱ्यावर डोळे रोखून वाकला आणि आधीपेक्षा वाईट चुकला. साहेब म्हणाले, "प्रॅक्टिस."

मी गप्प बसलो. ते पाहुणे होते, मला बरेच सीनियर होते, आणि पूलच्या टेबलावरून कुणी वरिष्ठांशी वाद घालत नाही. पण हा सल्ला मी पठाणकोटपासून वेलिंग्टनपर्यंत इतक्या मेसमध्ये ऐकलाय की आता कुठेतरी लिहून ठेवायला हवं. हा सल्ला चूक आहे. क्यू पुढे जातो त्या क्षणी नजर ज्या बॉलला पॉकेटमध्ये घालायचंय त्याच्यावर हवी, पांढऱ्यावर नाही.

आधी साहेबांची बाजू, कारण ती हवेतून आलेली नाही. फौजी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. एनडीएत पहिल्यांदा रेंजवर उस्ताद ओरडले, "शिस्त दुरुस्त करो!" तेव्हा मी बेल्ट आणि कॉलर चाचपली होती. मराठी घरातून आलेल्या मुलाला शिस्त म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. असो. त्या शिस्तीचा पहिला नियम असा की बॅकसाइट, फोरसाइट आणि टार्गेट या तीन गोष्टी डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. म्हणून फोरसाइटची टिप स्पष्ट ठेवायची आणि टार्गेट थोडं धूसर राहू द्यायचं. कारण साधं आहे. दोन साइटमध्ये अर्धा मीटर अंतर धरा. टिप एक मिलिमीटर सरकली, तर 200 मीटरवर गोळी 40 सेंटिमीटर बाहेर जाते. शिवाय टिप सतत हलत असते, श्वासाबरोबर, नाडीबरोबर. जे हलतंय आणि ज्याची चूक पुढे वाढत जाणार आहे, त्याच्यावर पहारा ठेवायचा. अगदी बरोबर.

पण हा नियम लोखंडी साइटचा आहे. जगातल्या सगळ्या नेमांचा नाही. त्याच रायफलवर रिफ्लेक्स साइट बसवा, नियम लगेच उलटतो. दोन्ही डोळे उघडे, नजर टार्गेटवर, लाल ठिपका आपोआप तिथे येऊन बसतो. वीस वर्षं फोरसाइटकडे बघितलेल्या आमच्या काही हवालदारांना हे पचायला दोन आठवडे लागले. रायफल तीच, माणूस तोच, फक्त काचेचा एक तुकडा बदलला आणि डोळ्याची जागा बदलली. मग क्यू हातात घेतल्यावर ती बदलणार नाही असं कुणी ठरवलं?

आता टेबलावर या. पांढरा बॉल हलतोय का? नाही. तो तुमच्या ब्रिजच्या हातापुढे वीतभर अंतरावर मुकाट पडलेला असतो. टिप त्याच्या मध्यावर आहे की वर, डावीकडे की उजवीकडे, हे तुम्ही वाकून दोन-चार वेळा क्यू मागेपुढे करताना बघून घेता. बघायलाच हवं. तेव्हा पांढऱ्याकडे बघा, हवं तेवढं बघा. पण ते एकदा नक्की झालं की तिथे नवीन काही घडत नाही. क्यू कुठल्या रेषेत जायचा हे तर उभं असतानाच ठरलेलं असतं. वाकल्यावर रेषा शोधणारा माणूस आधीच हरलेला असतो, त्याने डोळे छताला लावले तरी फरक पडत नाही.

चूक वाढण्याचा हिशोब इथेही आहेच, आणि तो रायफलपेक्षा निर्दय आहे. पूलचा बॉल सुमारे 57 मिलिमीटरचा. समोरचा बॉल एक मीटरवर आहे आणि पांढरा फक्त एक अंश वाकडा निघाला, तर तिथे पोचेपर्यंत तो साडेसतरा मिलिमीटर बाजूला सरकतो. सरळ शॉटमध्ये एवढ्यानं समोरचा बॉल सतरा-अठरा अंशांनी फाकतो. साहेब म्हणतील, मग म्हणूनच तर पांढऱ्याकडे बघायचं! नाही साहेब. हा एक अंश पांढऱ्याकडे बघून दिसत नाही. तो दिसतो लांबच्या टोकाला. हात नजरेच्या मागे जातो. दगड मारताना आपण हातातल्या दगडाकडे बघत नाही.

चाळीतल्या कॅरमवर वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. स्ट्रायकर मांडताना त्याच्याकडे बघतो, बोट मागे ओढताना नजर सोंगटीवर जाते. गोट्या खेळताना समोरच्याची गोटी टिपायची तर डोळा त्याच गोटीवर. हे आम्हाला आठव्या वर्षी येत होतं. बाविसाव्या वर्षी खांद्यावर दोन तारे लागले आणि आम्ही ते विसरलो.

पांढऱ्याकडे बघत मारण्याचे आणखी दोन तोटे आहेत आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटतात. एक म्हणजे क्यू पांढऱ्यापाशीच थांबतो. डोळ्यांनी तेच मुक्काम ठरवलेलं असतं, त्यामुळे हात पुढे वाहत जात नाही, नुसता ठोसा बसतो. आणि बॉल गेला कुठे हे बघायला डोकं लगेच वर उचकतं, बहुतेक वेळा टिप लागायच्या आधीच. दुसरा तोटा त्याहून मोठा. तुम्हाला कधीच कळत नाही की चुकलं काय. पांढरा नजरेसमोरून नाहीसा झाला, एवढंच दिसतं. समोरच्या बॉलवर नजर असेल तर पांढरा त्याला जाड लागला की पातळ, हे धडकेच्या क्षणी दिसतं आणि पुढच्या शॉटला दुरुस्ती करता येते. रेंजवर बट पार्टी आपल्याला गोळी कुठे लागली ते दाखवते. इथे बट पार्टी आपणच.

अपवाद आहेत, आणि ते न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पांढरा कुशनला चिकटलेला असेल, टिपेला फक्त त्याचा वरचा काठ मिळत असेल, तर शेवटची नजर पांढऱ्यावर ठेवा. पूलच्या ब्रेकला, जोर पूर्ण लावायचा असतो तेव्हा, बरेच चांगले खेळाडू पांढऱ्याकडेच बघतात. उडी मारायला लावायचा शॉट असेल तरीही तेच. काही जण तर सगळेच शॉट पांढऱ्याकडे बघून मारतात आणि छान मारतात. मारू देत. त्यांनी ते स्वतःच्या हजारो शॉटमधून शोधलंय, रायफलच्या धड्यातून उसनं आणलेलं नाही. तसंच डोळा मिटण्याचं. रायफलमागे आपण एक डोळा मिटायला शिकलो, टेबलावर दोन्ही उघडे लागतात. क्यू कुठल्या डोळ्याखालून जावा हेही ज्याचं त्याला शोधावं लागतं. जो डेव्हिसचा उजवा डोळा अधू होता, त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून जायचा. 1927 ते 1946 या काळात तो पंधरा वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला. त्याला कुणी वरिष्ठानं 'डोकं मधे आण' असा हुकूम सोडला नाही, हे त्याचं नशीब.

आणि हे सगळं मी जबलपूरला बसून लिहितोय, याची मला गंमत वाटते. 1875 साली इथल्याच ऑफिसर्स मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यानं पावसाळी दुपारी ब्लॅक पूलच्या खेळात रंगीत बॉल वाढवत नेले आणि स्नूकर जन्मला, असं सांगतात. पुढे 1882 मध्ये उटीच्या क्लबात नियम लागले. 'स्नूकर' हा वूलिचच्या मिलिटरी अकॅडमीतल्या पहिल्या वर्षाच्या कॅडेटसाठीचा चिडवायचा शब्द. सोपा बॉल चुकलेल्या एका सोबत्याला चेंबरलेन तसं म्हणाला आणि नाव चिकटलं. म्हणजे खेळाचं नावच मुळी कच्च्या कॅडेटवरून पडलंय. त्या कॅडेटनं मग कुठे बघायला हवं होतं, हे त्याला कुणी सांगितल्याचं मात्र कुठे वाचलं नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की एवढ्याशा गोष्टीवर हा माणूस इतका का तापलाय. तर ऐका.

मी कंपनी कमांडर होतो, उत्तर बंगालमध्ये. जवानांच्या रिक्रिएशन रूममध्ये एक जुनं पूल टेबल होतं, कापड दोन जागी शिवलेलं. आमच्या कंपनीत एक गढवाली पोरगा होता, देहरादूनच्या एका पार्लरमध्ये बॉल लावत मोठा झालेला. इंटर-कंपनी स्पर्धेत तो फायनलला पोचला. परेडमध्ये, रेंजवर, धावण्यात तो मधलाच होता. त्या टेबलावर मात्र अख्खी बटालियन त्याला ओळखायची. फायनलच्या आदल्या संध्याकाळी मी सहज डोकावलो आणि त्याला म्हणालो, "बेटा, नजर सफेद गोली पर रख। फोरसाइट समझ उसको।" माझ्या पहिल्या सीओ साहेबांनी मला तसंच सांगितलं होतं. मी स्वतः दहा वर्षं तसंच खेळत होतो आणि वाईट खेळत होतो, पण तो संबंध तोवर लक्षात आला नव्हता.

त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जी साब।"

दुसऱ्या दिवशी तो हरला. सोपे बॉल चुकत गेले. प्रत्येक शॉटला वाकला की शेवटी त्याची नजर खाली पांढऱ्यावर येताना मला माझ्या खुर्चीवरून दिसत होती. मी समोर बसलो होतो ना! कंपनी कमांडर समोर बसलेला असताना तो दुसरीकडे कुठे बघणार? सामना संपल्यावर त्याने मला सॅल्यूट केला आणि म्हणाला, "सॉरी साब, आदत नहीं थी।" सुभेदार साहेबांनी मला नंतर वऱ्हांड्यात हळूच सांगितलं की लडका रात्री दीड वाजेपर्यंत नवीन पद्धतीची सवय करत होता.

त्याला मराठी अर्थाची शिस्त होती. माझ्याकडे फौजी हिंदीतली नव्हती, आणि तरी मी ती त्याला शिकवायला गेलो.

शनिवारी पाहुणे गेल्यावर मी परत बिलियर्ड रूममध्ये गेलो. लेफ्टनंट एकटाच होता, अजून पांढऱ्याकडे बघत मारत होता. मी म्हणालो, "काळ्याकडे बघून मार." तो म्हणाला, "येस सर." अगदी त्याच आवाजात. तेव्हा मी त्याला थांबवलं. सांगितलं, माझंही ऐकू नकोस. तोच शॉट वीस वेळा पांढऱ्याकडे बघून मार, वीस वेळा काळ्याकडे बघून, स्वतः मोज, आणि आकडा मला सांगू नकोस. त्याने विचारलं, "सर, आत्ता?" मी म्हटलं, तुझी मर्जी.

रात्री उशिरा मेस हवालदार दिवे मालवायला आला, तेव्हा त्याचे अजून सात शॉट बाकी होते.